सासऱ्याची बोट बुडवणारी पाणबुडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बांगडे साफ केले. मुलाच्या घरी, बाल्कनीत. सुनेला कच्च्या मासळीचा वास सोसत नाही, म्हणून ते काम बाहेरच. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. बायको पाटावर बसली होती, मी खुर्चीवर, कारण माझे गुडघे आता खाली जात नाहीत. थंडी होती. साडीवर तिनं मुलाचं जुनं जाकीट चढवलं होतं आणि बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. मी कात्रीनं पर कापून द्यायचो, ती पोट फोडून आतलं काढायची. विळी इथं नाही, सुरीनं करावं लागतं, म्हणून सुरीला शिव्या चालल्या होत्या. माझ्या हातून एकाचा पर अर्धा राहिला, तर म्हणाली, "बोटीवर इंजिन पण असंच पुसायचात काय? मग बुडली कशी नाही तुमची बोट?"

मी उरलेला पर कापला आणि बांगडा तिच्याकडे सरकवला. बोललो असतो तर बरं झालं असतं, पण तेव्हा काय ठाऊक.

डोकी तिनं वेगळ्या वाडग्यात ठेवली. ती आप्पांची. आप्पा म्हणजे कोण, ते सांगायला मला एका जर्मन पाणबुडीपासून सुरुवात करावी लागेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जसं आठवेल तसं लिहितो, ऱ्हस्वदीर्घ सून बघेल.

मी जन्मभर बोटीवर इंजिनात तेलवाला होतो. माझा सासराही बोटीवरच, पण आगवाला. कोळशाच्या जमान्यातला. भट्टीत कोळसा मारायचा. मी त्याला बघितलं नाही आणि माझ्या बायकोनंही बघितलं नाही. ती पोटात होती तेव्हा तो शेवटचा गेला. दुसरी मोठी लढाई चालू होती. गेला तो गेला. पुढं कधीतरी कंपनीचा माणूस गावात आला आणि सासूला म्हणाला, बोट बुडाली, जर्मनांनी बुडवली, तुझा नवरा गेला. सासू दारात उभी होती. तिनं विचारलं, "तू बघितलंस काय?" तो म्हणाला, नाही, मी ऑफिसात असतो. ती म्हणाली, "मगे जा."

त्यानंतर तिनं हाच कायदा केला. ज्यानं बघितलं त्यानं येऊन सांगावं. तोपर्यंत कुंकू पुसणार नाही, बांगड्या फोडणार नाही, आणि नवऱ्याचं पान वाढणार नाही. पान म्हणजे पितृपक्षात मेलेल्या माणसाच्या नावानं केळीच्या पानावर जेवण वाढून बाहेर ठेवतात, कावळा शिवला की पोचलं. गावात नावं ठेवणारे पुष्कळ होते. हळदीकुंकवाला काही घरं बोलवायची, काही नाही. ती म्हातारी हिरव्या बांगड्यांतच गेली. जाताना लेकीचा हात धरून तेच सांगून गेली, नक्की कळल्याशिवाय बापाचं पान वाढू नकोस, जिवंत माणसाला जेवायला घालशील कावळ्याबरोबर.

बायकोनं ते पाळलं. माझ्या आईबापाचं पान दर वर्षी वाढायची, तिच्या आईचं वाढायची, बापाचं नाही. मी कितीदा बोललो, अगं, हिशेबानं बघ, आता शंभरी उलटली असती. ती म्हणायची, तुमचा हिशेब मला नको. पण गेल्या काही वर्षांत तिचं वेगळं सुरू झालं. म्हणायची, मी गेले की संपलंच की हो, त्याचं पान वाढणारं कुणी उरलं नाही. एकटीच लेक ती. तो तसाच उपाशी राहणार. ते बोलताना ती रडायची वगैरे नाही. दूधवाला आला नाही असं सांगावं तसं सांगायची.

असे आम्ही डच मुलखात, बाडहूव्हडॉर्प नावाच्या गावी आलो. मुलगा विमानतळावर मालाच्या कामाला आहे, सून घरी बसून कंप्युटरचं करते. आलो तीन महिन्यांसाठी आणि महामारी आली. विमानं बंद. आम्ही अडकलो. आधी घरावरून विमान गेलं की वाटीतली आमटी हलायची, आता एकदम गप्प. पक्षी ऐकू यायला लागले. हा मुलूख म्हणजे पूर्वीचं मोठं तळं, पाणी उपसून जमीन केलेली, समुद्राच्या पातळीपेक्षा खाली. हे कळलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे आपण पण पाणबुडीतच आहोत, आणि वर यायची सोय नाही.

खालच्या मजल्यावर एक म्हातारा राहतो. इथलाच, डच. बायको गेलेली. जन्मभर बंदरात क्रेन चालवली. त्याची थोडीशी बाग आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली. दीड मीटरच्या नियमामुळं कुणी कुणाकडे जायचं नाही, मग तो खालून बोलायचा आणि मी वरून. माझं इंग्रजी इंजिनातलं, त्याचं क्रेनवरचं, दोघंही ओरडून बोलायची सवय असलेले. छान जमलं. मी रॉटरडॅमला कितीदा उतरलो ते सांगायचो, तो तेव्हाच्या धक्क्यांची नावं सांगायचा. बायको मागून म्हणायची, हळू बोला, विमानं बंद आहेत तर तुमचंच ऐकू येतंय सगळ्या गावाला.

या म्हाताऱ्याला एकच वेड, जर्मन पाणबुड्या. लहानपणी त्याच्या गावच्या बंदरात जर्मनांनी बोटी लपवायला काँक्रीटची खुराडी बांधली होती, त्यात खेळत तो मोठा झाला. घरात त्या विषयाची जाडजाड पुस्तकं. एकेका पाणबुडीची पूर्ण कुंडली: कुठं बांधली, पाण्यात कधी सोडली, कप्तान कोण, सफरी किती, काय काय बुडवलं आणि शेवट कसा झाला. मी सहज एकदा बोलून गेलो की माझा सासरा असा असा गेला. त्यानं लगेच बोटीचं नाव विचारलं. मी आत वळून बायकोला विचारलं. तिला ते पाठ होतं. आईनं बाराखडीसारखं पाठ करून घेतलं होतं. मी ते खाली ओरडलो. ती माझ्याकडे बघत राहिली, हे कशाला सांगताय त्याला, अशा नजरेनं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी म्हातारा पुस्तक घेऊन बागेत खुर्ची टाकून बसला. मला म्हणाला, मिसेसना बोलव. ती हात पुसत आली. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. एक वाक्य तो वाचायचा, मी मराठीत सांगायचो, ती मान हलवायची, मग पुढचं.

पाणबुडीला नाव नव्हतं, नुसता नंबर. हे तिला आवडलं नाही. आपल्याकडे डबक्यातल्या होडीला पण नाव असतं, म्हणाली. उत्तर जर्मनीतल्या गोदीत बांधली. कप्तान तरुण, आम्हाला नातू शोभेल एवढा. पहिली सफर फुकट गेली, एका झडपेतून पाणी यायला लागलं म्हणून निम्म्या वाटेतून परत. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण झडपेचं दुखणं मला समजतं. दुसरी सफर उत्तरेच्या थंड समुद्रात, तिथं एक बोट बुडवली. मग फ्रान्सच्या बंदरात दुरुस्ती. तिसरी सफर लांबची, आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करच्या बाजूला. वाटेत दुसऱ्या पाणबुडीकडून तेल घेतलं. तिथं अंधार पडायच्या सुमाराला एक कोळशाची मालबोट एकटी चाललेली दिसली. सासऱ्याची बोट.

म्हातारा थांबला. म्हणाला, पुढचं वाचू का? मी तिला विचारलं. ती म्हणाली, मग काय नुसती झडप ऐकायला बोलावलं होतं?

मारा इंजिनाच्या बाजूला बसला. बोट मागून खाली गेली. पाणबुडी वर आली. दोन होड्या पाण्यावर होत्या, एक उलटलेली, एक माणसांनी भरलेली. पाणबुडी भरलेल्या होडीजवळ गेली. कप्तानानं विचारलं, बोटीचं नाव काय, माल काय, कुठं निघालात. मग जमीन कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवलं. होडीतली काळी माणसं टोपीनं पाणी उपसत होती, हेसुद्धा कप्तानानं रोजच्या वहीत लिहिलंय. बोट पूर्ण जाईपर्यंत तो तिथं थांबला. पाण्यात आणखी कुणी आहे का ते बघत एक फेरी मारली. कुणी नव्हतं. ती भरलेली होडीही कुठं लागल्याची नोंद नाही.

तिनं हात पुन्हा पदराला पुसले. मग मला विचारलं, "आगवाला त्या वेळी खाली असतो की वर?"

मी म्हटलं, "पाळी असेल तर खाली."

"आणि खाली असला तर?"

"इंजिनाच्या बाजूला बसलं म्हणजे त्याला कळलंही नसेल."

"आणि वर असला तर?"

"मग होडीत. टोपीनं पाणी काढत."

ती म्हणाली, म्हणजे दोन्हीकडून नाहीच. मी म्हटलं, नाही. मग मलाच काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, होडी कुठं लागलीही असेल, नोंद झाली नसेल, आफ्रिकेचा किनारा केवढा. तर ती म्हणाली, लागली असती तर तो घरी आला असता. माझ्या आईला तुम्ही ओळखता. तिच्याकडे परत न येण्याची कुणाची टाप होती?

म्हाताऱ्याला वाटलं आम्ही भांडतोय. तो खालून बघत होता. मी त्याला म्हटलं, शेवट वाच. पाणबुडी त्या सफरीवरून धडपणे परत फ्रान्सला आली, म्हणून तर कप्तानानं लिहिलेलं लोकांना मिळालं. पुढच्या सफरीला बंदरातून निघाली आणि खाडी ओलांडायच्या आतच विमानानं गाठलं. वरून बाँब टाकले. पाण्यावर तेल आलं, लाकडं आली, माणूस एकही आला नाही. विमानवाल्यानं बघितलं म्हणून तेवढं तरी कळलं.

"म्हणजे त्यांचं पण बघणारं कुणीतरी होतं," ती म्हणाली. मग उठली आणि आत गेली. आतून म्हणाली, "बघितलेल्यानं सांगितलं. झालं आता."

मला पटलं नाही. मी म्हटलं, कप्तान मेला, सांगतोय हा क्रेनवाला, आणि तेही पुस्तकातून. ती म्हणाली, त्यानं डोळ्यांनी बघितलं, लिहिलं, घरी आणून पोचवलं, मग मेला. आणखी काय करायचं त्यानं? दारात येऊन चहा प्यायचा?

पितृपक्ष आला. तिनं सर्वपित्रीला बापाचं पान वाढायचं ठरवलं. वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भोपळ्याची भाजी. काळे वाटाणे आम्ही येताना बॅगेत आणले होते. केळीचं पान मुलानं भारतीय दुकानातून आणलं, गोठवलेलं, उलगडताना चिरा पडल्या. आणि एक तळलेला बांगडा. सून म्हणाली, आई, पितरांना मासे चालतात का? ती म्हणाली, इतर पितरांचं मला ठाऊक नाही, हा बांगडा खाणारा होता, आईनं एवढंच एक मला त्याच्याबद्दल सांगितलंय.

खालच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पाणबुडीवाल्यांसाठीही ठेवणार का काही? त्याला ते गोड वाटलं असावं. मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या बायकांनी वाढावं. माझं तेल एवढं नाही.

पान बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. समोरच्या झाडावर कावळे होते, दोन-तीन आले, मान वाकडी करून बघितलं आणि गेले. आम्ही वाट बघतोय. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याच्या मनात काही राहिलंय, मग त्याला काय काय कबूल करतात. ती कठड्याशी हात जोडून बोलायला लागली. आईनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. घर नीट आहे. माड अजून आहेत, दोन पडले. मला एक मुलगा आहे. नवरा बरा आहे, बोलायला फाटका आहे पण बरा आहे. असं सगळं सांगून झालं. कावळे झाडावरच. सांबारं थंड पडलं.

तेवढ्यात कुठून तरी कुरव आला. समुद्रावरचा पांढरा पक्षी, इथं गावात कचऱ्याच्या पेट्यांवर असतात. हा केवढा मोठा. धाडकन कठड्यावर बसला, पानात पाय दिला, बांगडा उचलला आणि गिळला. पाठोपाठ दुसरा आला आणि वडा पळवला. सून म्हणाली, अरे देवा, हे धरत नाहीत, कावळाच लागतो, आपण दुसरं पान वाढू. मुलगा कामावरून व्हिडिओवर होता, तो हसत होता.

ती हसली नाही. म्हणाली, "दर्यावर गेलेल्या माणसाला कावळा कुठला भेटणार? हाच त्याचा."

मग ती त्या दुसऱ्याकडे बघून म्हणाली, आणि तो वडा चोरणारा जर्मन. आयता आला जेवायला.

त्या दिवसापासून मोठा कुरव रोज यायला लागला, त्याचं नाव आप्पा. दुसरा मागोमाग, तो जर्मन. आप्पांना ती मासळीची डोकी हातानं द्यायची, जर्मनला शिव्या द्यायची आणि मग त्यालाही काहीतरी टाकायची. मी म्हणायचो, तेल संपलं नाही का? ती म्हणायची, तुम्ही गप्प बसा. मी स्वतः त्या पक्ष्याशी कधी बोललो नाही. पक्षी तो पक्षी. शिवाय सासऱ्याशी माझी ओळखही नव्हती, काय बोलायचं?

ते बांगडे आम्ही साफ केले तो दिवस थंडीतला. मीठ-हळद लावून तिनं डबा भरला. आप्पा त्या दिवशी आले नाहीत, म्हणून डोक्यांचा वाडगाही झाकून फ्रीजमध्ये गेला. संध्याकाळी तिला ताप आला. आधी मुलाला आला होता, मग मला, माझा हलका होता. तिचा उतरेना. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, फोनवरच बोलला. मग दुसऱ्या फोनवर त्यानं बोटाला लावायच्या यंत्राचा आकडा विचारला आणि अँब्युलन्स पाठवतो म्हणाला. ती स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेली. मला जवळ जायची बंदी, मी आतल्या दारात उभा. जाताना मला म्हणाली, बांगडे फ्रीजरात टाका, नाहीतर वास मारेल, सून बोलेल. हे शेवटचं.

हॉस्पिटलात सोडत नव्हते, आणि मी स्वतः आजारी. फोनवर तिचा आवाज एकदा ऐकला, नीट कळला नाही. काही दिवस गेले. एका दुपारी सुनेचा फोन वाजला. ती उभ्याउभ्या ऐकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हाच मला कळलं. तिनं हातानं फोन झाकला आणि म्हणाली, "बाबा, आई गेल्या."

मी म्हटलं, फोन ठेवू नकोस. बोलणारी कोण आहे विचार. नर्स होती. मी म्हटलं, तिला विचार, तू होतीस का तिथं? तू बघितलंस का?

सुनेला वाटलं माझं डोकं फिरलं. पण तिनं विचारलं. नर्स म्हणाली, हो, मी होते. मी म्हटलं, मग तिला सांग, सगळं सांग म्हणावं, घाई नाही. ती बाई चांगली होती. तिनं सांगितलं. सकाळी पडदा बाजूला करायला लावला होता, बाहेर बघत होती. दुपारी श्वास लांब लांब यायला लागला. नर्सनं हात धरला, हातमोजा होता, पण धरला. त्रास झाल्यासारखं दिसलं नाही. काहीतरी आपल्या भाषेत बोलली, ते नर्सला कळलं नाही. मग थांबलं. सून एकेक वाक्य सांगत होती आणि मी मान हलवत होतो. शेवटी नर्सनं विचारलं, आणखी काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही. आभार मान.

मुलगा दुसऱ्या खोलीत होता, आला, रडला. मी जेवलो नाही, पण झोपलो, खोटं कशाला सांगू.

सकाळी उठलो. चूल पेटवायची नाही म्हणून खालच्या म्हाताऱ्यानं दाराशी ब्रेड ठेवला होता, त्याला सुनेनं कळवलं असेल. मी फ्रीज उघडला. डोक्यांचा वाडगा तसाच होता, वास यायला लागलेला. बांगड्यांचा डबा मी तिनं सांगितलं त्याच दिवशी फ्रीजरात टाकला होता, त्याला हात लावला नाही. वाडगा घेऊन बाल्कनीत गेलो. सून मागून म्हणाली, बाबा, आत्ता नाही ठेवत, दहाव्याला ठेवतात. मी म्हटलं, ठाऊक आहे. हे तिचं नाही. हे त्याचं आहे, त्याचं राहिलंय.

मोठा कुरव समोरच्या दिव्याच्या खांबावर होता. मी बांगड्याचं एक डोकं हातात धरून उभा राहिलो. तो आला, कठड्यावर बसला, पण माझा हात ओळखीचा नाही, म्हणून लांबूनच बघत राहिला.

मी म्हटलं, "आप्पा, तुमची लेक गेली. काल दुपारी. मी नव्हतो. नर्स होती, तिनं बघितलं."

मग नर्सनं सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं. पडद्याचं, हाताचं. म्हातारा खाली बागेत उभा होता, त्यानं टोपी काढली आणि वर बघितलं नाही. माझं सांगून झालं तेव्हा कुरवानं पुढं येऊन डोकं घेतलं. दुसरा आला, त्यालाही एक टाकलं. मग वाडगा धुतला, तिचा पाट उचलून धुतला आणि उन्हात उभा केला.